न वाजवलेली पायरी

घारोबा आता गोदामात बसतो. दोरखंड, कमरेचे पट्टे, सिमेंटच्या पिशव्या, रंगाचे डबे, आणि त्यांच्यामध्ये एक लोखंडी टेबल. त्या टेबलामागे तो. कामावर निघालेला प्रत्येक माणूस आधी त्याच्यापुढे उभा राहतो. घारोबा त्याला दोर देतो, पट्टा देतो आणि शेवटी वीतभर दांड्याची हातोडी पुढे करतो. "माझ्याकडे आहे की," असं कुणी म्हटलं तर म्हणतो, "दाखव." दाखवली तर म्हणतो, "पिशवीत नाही, कमरेला लाव. माझ्यासमोर लाव." लोक वैतागतात. बाहेर पडल्यावर म्हणतात, म्हाताऱ्याला हातोडीचं वेड लागलंय. म्हणू देत. गोदाम काही त्याला शिक्षा म्हणून मिळालेलं नाही. ते त्याने स्वतः मागून घेतलं, आणि का मागितलं ते ऐकाल तर हसणं विसराल.

त्यांची कंपनी कारखान्यांच्या उंच धुराड्यांची कामं घेते. भेगा बुजवायच्या, विटा बदलायच्या, वीज पडू नये म्हणून टोकाला लावलेली तांब्याची पट्टी तपासायची. या कामात घारोबाने बावीस वर्षं काढली. साठ मीटरच्या धुराड्याच्या काठावर पाय बाहेर सोडून बसायचा आणि डबा खायचा. वारा सुटला की वरून शीळ घालायचा, म्हणून तर घारोबा नाव पडलं. त्याचा जोडीदार मुंगळा. हा अगदी उलटा. एकेक पायरी धरून, दमादमाने, पण एकदा चिकटला की काम संपल्याशिवाय सुटायचा नाही. घारोबा बोलायचा आणि मुंगळा हसायचा, अशी त्यांची वाटणी होती. मुंगळ्याच्या बायकोला घारोबा वहिनी म्हणायचा, ती त्याला भावजी म्हणायची, आणि सख्ख्या दिराला मिळणार नाही एवढा हक्क त्याला त्या घरात होता.

धुराड्याला बाहेरून लोखंडी पायऱ्या असतात. पायऱ्या कसल्या, वाकवलेल्या जाड सळया, दोन्ही टोकं विटांत रोवलेली. चढताना वरच्या पायरीला आधी हातोडीने ठोकायचं आणि मगच तिच्यावर भार टाकायचा, हा या धंद्याचा जुना नियम. पायरी पक्की असेल तर ठण्ण वाजते. भिंतीच्या आत गंजून सडली असेल तर थप करते, ओल्या लाकडावर मारल्यासारखी. थप ऐकू आलं की खडूने फुली मारायची आणि मुकाट खाली यायचं. "डोळा फसतो, कान फसत नाही," असं मुंगळा म्हणायचा आणि स्वतःचा सुपाएवढा कान ओढून दाखवायचा.

मग एका सकाळी घारोबाचं बिनसलं. काही झालं नव्हतं, हीच तर खरी गोम. पडला नाही, घसरला नाही, कुणी पडलेलं पाहिलं नाही. एका साबणाच्या कारखान्यात शंभरेक पायऱ्या चढला होता, आणि पुढच्या पायरीसाठी हात उचलायला गेला तर हात सुटेना. बोटं सळीभोवती वळलेली, आणि ती त्याची ऐकेनात. अर्धा तास तो त्या भिंतीला चिकटून उभा होता. मुंगळा तेव्हा खाली ट्रकजवळ सिमेंट उतरवून घेत होता. घारोबा कसाबसा खाली आला, पोट बिघडलंय म्हणाला आणि घरी गेला. त्यानंतर स्टुलावर उभं राहून दिवा बदलायचा तरी त्याला घाम फुटायचा. दिवे बायको बदलू लागली आणि नवऱ्याला आळशी म्हणू लागली. आळशी तर आळशी. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कंपनीत न चढणाऱ्याची जागा गोदामात. आणि घारोबा गोदामात बसलाय, खिळे मोजतोय, हे चित्र त्याला मरणाहून वाईट वाटायचं. अशात एक फोटो स्टुडिओ बंद होत होता, तिथून त्याने जुना कॅमेरा उचलला, लांबची लेन्स उचलली आणि त्याबरोबर एक डबलर. खरं नाव टेलिकन्व्हर्टर, पण स्टुडिओवाला डबलर म्हणाला म्हणून हाही डबलरच म्हणायचा. जाडजूड कड्यासारखी वस्तू, आत काचा बसवलेल्या. कॅमेरा आणि लेन्स यांच्या मध्ये अडकवायची, की लेन्सची पोच दुप्पट. साठ मीटरवरची वीट हातभर अंतरावर आल्यासारखी दिसायची. पहिल्यांदा त्यातून बघितलं तेव्हा घारोबाच्या डोळ्यांत पाणी आलं. जमिनीवर उभं राहून तो पुन्हा वर पोचला होता.

स्टुडिओवाला मात्र सरळ माणूस होता. म्हणाला, "हे फुकट काही देत नाही, बरं का. अंतर निम्मं करतं, पण उजेडाचे चारातले तीन हिस्से खातं. आणि लेन्समध्ये जी खोट असेल तीही दुप्पट करून दाखवतं." घारोबाने मान हलवली. ऐकायचं तेवढंच त्याने ऐकलं होतं.

कंपनीचे साहेब तर फोटो बघून खूश झाले. गिऱ्हाइकाला दाखवायला पुरावा मिळाला. तेव्हापासून तपासणीचं काम एकट्या घारोबाकडे आलं. आदल्या दिवशी याने जायचं, धुराडं तपासायचं, फोटो काढायचे, तक्ता भरायचा. दुसऱ्या दिवशी मुंगळ्याने चढून दुरुस्ती करायची. तक्त्यात प्रत्येक पायरीपुढे दोन रकाने. एक 'नजरेने पाहिली', दुसरा 'ठोकून पाहिली'. घारोबा स्टँडवर कॅमेरा लावायचा, खालून वर एकेक पायरी टिपायचा, आणि दोन्ही रकान्यांत बरोबरच्या खुणा करायचा. पहिल्या वेळी पेन थोडं अडखळलं. दुसऱ्या वेळी अडखळलं नाही. माणसाला खोट्याची सवय किती लवकर लागते बघा, चपलेची लागत नाही एवढ्या लवकर!

आणि तीन वर्षं काही झालं नाही. कारण मुंगळा हातोडी घेऊन चढायचा. तक्त्यात सगळ्या खुणा असायच्या, तरी हा आपला ठण्ण, ठण्ण करत वर जायचा. घारोबा खाली उभा राहून तो आवाज ऐकायचा आणि आतल्या आत जळायचा. माझ्या कामावर शंका घेतो! जोडीदार म्हणवतो आणि भरवसा नाही! खाई त्याला खवखवे, पण खवखवणाऱ्याला ते कुठं कळतं? एकदोनदा मुंगळ्याने वाजवून फुली मारली, खाली येऊन नवीन पायरी बसवली, आणि कुणाला एका शब्दाने बोलला नाही. तेही घारोबाला टोचलं. एकदा चहा पिताना मुंगळ्याने त्याचा पंजा हातात घेतला, उलटापालटा केला आणि म्हणाला, "काय गोरे झालेत रे हात तुझे! मलई लावतोस की काय?" घारोबाने हात ओढून घेतला.

मग कागद गिरणीचं काम आलं. एकशे ब्याण्णव पायऱ्यांचं धुराडं, आणि गिरणीवाल्यांनी नुकताच सगळ्या पायऱ्यांना लाल रंग फासला होता. बॉयलर दोनच दिवस बंद राहणार होता. घारोबा आदल्या दिवशी गेला तेव्हा आभाळ भरून आलं होतं. मुळात उजेड कमी, त्यातला डबलरने खाल्ला, उरला तो काय! वाऱ्याने स्टँड हलत होतं, म्हणून त्याने स्टँडला वाळूची पिशवी टांगली. तरी वरचा तिसरा हिस्सा चष्म्यावर वाफ धरल्यासारखा येत होता. लाल पायऱ्या दिसत होत्या, छान गुळगुळीत, एका रेषेत. दुरून डोंगर साजरे म्हणतात. दुरून पायऱ्याही साजऱ्याच.

त्याला हे कळत नव्हतं असं नाही. बावीस वर्षं चढलेला माणूस तो. नव्या रंगाखाली काय काय झाकलेलं असतं, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्याने कॅमेरा सोडला, हातोडी घेतली आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. ठण्ण. दुसरी. ठण्ण. सातव्या पायरीपर्यंत गेला. सातवी म्हणजे किती, एका मजल्याएवढीसुद्धा नाही. तिथे बोटं पुन्हा वळली. तो तसाच खाली उतरला, भिंतीला पाठ टेकून बसला आणि स्वतःला आईमाईवरून शिव्या दिल्या. मग तक्ता मांडीवर घेतला आणि एकशे ब्याण्णव खुणा केल्या. दोन्ही रकान्यांत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुंगळा आला. पट्टा बांधला, हातोडी कमरेला लावली. गिरणीचा बॉयलर फोरमन तिथे उभा होता. जरा आगाऊच माणूस. तक्ता हातात नाचवत म्हणाला, "काय हो, यात तर सगळं ठोकून पाहिलंय लिहिलंय! मग ही हातोडी कशाला? तुमचा तुमच्या माणसावर विश्वास नाही की काय?"

आजूबाजूचे चारपाच जण हसले. घारोबाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. तो तीन वर्षांचं सगळं साठलेलं एकदम बोलून गेला. "तेच तर विचारतोय मी! काल एकेक पायरी वाजवलीय. टोकापर्यंत. मी काय इथे झोपा काढायला येतो?"

मुंगळा त्याच्याकडे वळला. जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "तू वर गेला होतास? खरंच?"

"मग काय खोटं बोलतोय?"

"टोकापर्यंत?"

"हो म्हटलं ना!"

"शपथ?"

"शपथ."

मुंगळ्याचा चेहरा एकदम उजळला. घारोबाला वाटलं, हा आपली चेष्टा करतोय. मुंगळ्याने कमरेची हातोडी काढली आणि त्याच्या हातात दिली. "ठेव तुझ्याकडे. आज हलक्या अंगाने जातो." मग बाजूला जाऊन त्याने फोन लावला, दोन मिनिटं बोलला, आणि बोलताना मोठ्याने हसला. त्या हसण्याने घारोबा आणखी पेटला. बायकोला सांगतोय वाटतं, माझी कशी जिरवली ते.

मुंगळा चढू लागला. आज ठण्ण नाही, काही नाही, नुसते बुटांचे आवाज, तेही वर वर जात पुसट झाले. घारोबाने कॅमेऱ्याला डोळा लावला. डबलरमधून मुंगळा एवढा मोठा दिसत होता की पूर्ण मावतही नव्हता. कधी बूट, कधी पाठ, कधी तो सुपाएवढा कान. घारोबा कॅमेरा हळूहळू वर करत होता आणि सवयीने पायऱ्या मोजत होता. एकशे साठ. मुंगळा थांबला, दम खायला असावा. त्याने पट्ट्याचा हुक वरच्या पायरीत अडकवला आणि पाठ मागे टाकली.

चौकटीत माणूस होता. मग नुसत्या विटा होत्या.

घारोबाने डोळा काढला नाही. तो कॅमेरा डावीकडे फिरवत राहिला, उजवीकडे फिरवत राहिला, मुंगळा कुठे गेला म्हणून शोधत राहिला. लोक ओरडत त्याच्या बाजूने धावत गेले. धप्प आवाज आला तो त्याने ऐकला होता. तरीसुद्धा तो वर शोधत होता. शेवटी फोरमनने त्याचा खांदा धरून त्याला ओढलं.

एकशे एकसष्टावी पायरी मुळासकट उपटून आली होती. आत गंजून तिची काडी झालेली, बाहेर लाल रंग. चौकशी झाली. चौकशीच्या साहेबांनी घारोबाचे फोटो मोठे करून भिंतीवर लावले. त्या पायरीचा फोटो सगळ्यांनी पाहिला. जरा धूसर, पण रंग नीट, सळी सरळ, भेग दिसत नव्हती. तक्त्यात दोन्ही खुणा. "यात कुणालाही काही दिसलं नसतं," साहेब म्हणाले. "तपासणीत कसूर नाही." वर त्यांनी असंही लिहिलं की फोटो काढण्याची ही पद्धत इतरांनीही घ्यावी. घारोबा तिथे हात मांडीवर ठेवून बसला होता. एक शब्द बोलला असता तर सगळं उलटलं असतं. तो बोलला नाही. घरी येऊन त्याने भिंतीवर डोकं आपटून घेतलं, बायकोने आवरलं तेव्हा थांबला.

महिनाभर असाच गेला. जेवण जाईना, झोप येईना. हातोडी त्याच्या पिशवीतच राहिली होती. एका रविवारी दुपारी त्याने ती रुमालात गुंडाळली आणि मुंगळ्याच्या घरी निघाला. ठरवलं होतं, आज वहिनीला सगळं सांगायचं. मग ती झोडपू दे, पोलिसांत देऊ दे, काय करायचं ते करू दे.

वहिनीने दार उघडलं, आत बसवलं, पाणी दिलं. केस अर्धे पांढरे झाले होते. घारोबाने हातोडी टेबलावर ठेवली. "त्याची... माझ्याकडे राहिली होती," तो म्हणाला.

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. तिने रुमाल सोडला आणि दांड्यावरून हात फिरवला. "फोनवर म्हणाले होते ना मला, हातोडी भावजींकडे देऊन चढतोय म्हणून. केवढे खुशीत होते हो! इतक्या वर्षांत मी त्यांना असं बोलताना ऐकलं नव्हतं. म्हणाले, अगं, घारोबा काल वर जाऊन आला! एकटा! अगदी टोकापर्यंत, एकेक पायरी वाजवत! त्याची भीती गेली गं. आता पुन्हा आम्ही दोघं मिळून चढणार."

घारोबाच्या पायाखालची जमीन सरकली. "त्याला... त्याला माहीत होतं?"

"नाही तर काय! पहिल्या महिन्यापासून. तुमच्या बुटांना काजळी नाही, हात लहान मुलासारखे स्वच्छ. मी कितीदा म्हटलं, विचारून टाका ना एकदा तोंडावर. तर म्हणायचे, छे! ती घार आहे, तिला कसं म्हणू तू कोंबडी झालीस म्हणून? आपणहून सांगेल कधीतरी. तोवर मी वाजवत जातो. माझी हातोडी काय झिजतेय!" वहिनी हसली आणि हसता हसता डोळे पुसले. "तेवढंच एक बरं वाटतं मला, भावजी. जाताना आनंदात गेले."

आता काय करायचं? सांगावं तर या बाईकडे उरलेली एवढी एक गोष्टही हिसकून घ्यायची. न सांगावं तर जन्मभर तिच्या हातचं पाणी प्यायचं. घारोबा उठला, पुन्हा बसला.

"वहिनी, मी वर गेलो नव्हतो."

वहिनीने डोळे पुसणारा हात खाली घेतला.

"सात पायऱ्या चढलो. सातच वाजवल्या. बाकीच्या खालून बघितल्या, डबलर लावून. तक्त्यात खोटं लिहिलं. आणि त्याच्यासमोर खोटी शपथ घेतली." एवढं बोलून तो लहान मुलासारखा हमसून हमसून रडायला लागला.

वहिनी रडली नाही. तिने हातोडी पुन्हा रुमालात गुंडाळली. मग म्हणाली, "'मला भीती वाटते' एवढं म्हणाला असतात तर काय आभाळ कोसळणार होतं? त्यांना ठाऊकच होतं. ते हसले असते आणि हातोडी घेऊन गेले असते."

घारोबाने तोंड पुसलं आणि जायला उठला.

"ही घेऊन जा," तिने हातोडी त्याच्याकडे सरकवली. "पुढे जो कुणी चढेल त्याला द्या. आणि पुन्हा येऊ नका."

सोमवारी घारोबा कंपनीच्या साहेबांकडे गेला आणि तिथेही सगळं सांगितलं, खोट्या खुणांचंसुद्धा. साहेबांनी उठून दार लावलं आणि म्हणाले, चौकशी संपली, फाइल बंद झाली, आता हे उकरू नकोस. घारोबाने गोदामात बदली मागितली. बदलीच्या अर्जात कारण लिहावं लागतं. साहेबांनी पेन हातात घेऊन विचारलं, "काय लिहू?"

"मला उंचीची भीती वाटते," घारोबा म्हणाला. हे वाक्य तोंडातून निघायला तीन वर्षं लागली होती, आणि एक माणूस.

"अरे, मग आधी बोलायचं की," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.